माकड तुमच्याकडे नाही, पिशवीकडे बघतंय

रानवाटा : वाचकांचे प्रश्न

पाऊस जरा लागला की सगळं इंदूर पातालपानी, तिंछा, चोरल, जानापावकडे सुटतं आणि मग इकडे माकडांचे प्रश्न यायला लागतात. या वेळेस इतके आलेत की सापाविंचवांचे पुढच्या अंकावर ढकललेत, त्यांनी रागावू नये (वाचकांनी म्हणतेय मी, सापांनी नाही).

प्रश्न : ताई, आमचा भिशीचा ग्रुप पातालपानीला गेला होता. धबधबा बघून झाला म्हणून जरा पायवाटेने झाडीत शिरलो तर समोर लाल तोंडाची माकडंच माकडं. माझ्या जावेच्या हातात पोह्याचा डबा आणि जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) असलेली पिशवी होती, एकाने ती ओढली, जाऊ काही सोडेना, मग तो दात काढून अंगावर आला. आम्ही बाकीच्या ओरडत पळालो तर आमच्या मागे दुसरा. पिशवी गेली ती गेलीच, आता जाऊबाई म्हणतात तुम्ही पळालात म्हणून ते मागे लागले. असं झालं तर नेमकं करायचं काय?
एक वाचक, राजेंद्र नगर

जाऊबाईंचं बरोबर आहे, पळायला नको होतं. पण त्यांनीही पिशवी धरून ठेवायला नको होती, त्यामुळे हिशोब बरोबरीत सुटला.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, त्या माकडाला तुमच्यात काडीचा इंटरेस्ट नव्हता, त्याचं सगळं लक्ष पिशवीवर होतं. ज्याला माणसाची सवय नाही असं रानातलं माकड माणूस दिसला की वर चढतं, लांबून खेकसतं आणि पांगतं, वाटेवर येऊन बसत नाही. जे वाटेवर बसतं त्याला तुमच्या आधी येऊन गेलेल्या कोणीतरी शिकवलेलं असतं की पॉलिथिन कुरकुरलं म्हणजे आत खायला आहे. आणि पातालपानीला शिकवणारे काय कमी आहेत का, स्टेशन आहे, टंट्या मामाचं मंदिर आहे, भुट्टेवाले आहेत, पुढे गाडीने कालाकुंडला उतरलं की पानात बांधलेला कलाकंद आहे, तिथल्या टोळ्यांचा सगळा टाइमटेबलच आपल्या खाण्यावर बसलाय.

तर वाटेवर टोळी दिसली की पहिलं म्हणजे लांबच थांबा. हातातलं खायचं सॅकमध्ये टाका, चेन लावा आणि सॅक पाठीवरून काढून पुढे पोटावर घ्या, कारण पाठीवरची चेन ती मागून उघडतात, मी बघितलंय, आपल्या मुलांपेक्षा सफाईने उघडतात. मग एकमेकींना धरून, पोरं असतील तर मधे घेऊन, टोळीला वळसा घालून सावकाश चालत निघायचं. टोळीच्या मधून जायचं नाही. आई एकीकडे आणि पिल्लू दुसरीकडे असेल तर त्या दोघांच्या मधे तर चुकूनही नाही, लाल तोंडाच्या माकडांची पिल्लं जास्त करून मार्च ते जूनच्या सुमाराला होतात, म्हणजे तुम्ही पावसाळ्यात जाता तेव्हा आयांच्या पोटाला लटकलेली कोवळी पोरं असतातच आणि आया भयंकर चिडक्या. डोळ्यात डोळे घालून बघू नका, त्यांच्यात रोखून बघणं म्हणजे सरळ भांडण काढणं. मोबाईल समोर धरून जवळ जवळ जाणाऱ्यांनाही हेच लागू, तुम्हाला वाटतं रील बनतंय, त्याला वाटतं हा लढायला आला.

आणि तरी एखादा अंगावर आलाच तर जागचं हलू नका. बंदरघुडकी आपण उगाच म्हणत नाही, दहा पावलं धावत येतो, जमिनीवर हात आपटतो आणि थांबतो, समोरचा पळतो का ते बघत असतो. पळालात की त्याचं काम झालं. उभं राहायचं, हातातली काठी जमिनीवर जोरात आपटायची, छत्री असेल तर फटकन उघडायची (पावसाळ्यात असतेच, आणि अचानक एवढं मोठं काहीतरी समोर उघडलं की भले भले नर दचकतात), त्याच्याकडे तोंड ठेवूनच एक एक पाऊल मागे यायचं. दगड मारू नका. एकाला लागला की बाकीचे ओरडत खाली उतरतात आणि मग छत्रीचं काही चालत नाही. हातात काही नसेल तर दोन्ही तळवे उघडून दाखवा, बहुतेक वेळा तेवढ्यावरच त्याचा तुमच्यातला रस संपतो.

पिशवी त्याच्या हातात गेली असेल तर सोडून द्या. डबा शंभर-दोनशेचा, चाव्याची इंजेक्शनं महिनाभर. तुम्ही पळालात नसतात तर पुढचं बघायला मिळालं असतं, ते फार मजेचं असतं. जिरावणची पुडी हुंगून फेकून देतो, आणि पोहे दोन्ही हातांनी नुसते कोंबत सुटतो, चावत नाही, कारण गालाच्या आत दोन्हीकडे पिशव्या असतात त्या आधी भरून घ्यायच्या. मग गळ्यापर्यंत फुगलेला तो फांदीवर लांब जाऊन बसतो आणि मनगटाने गाल बाहेरून दाबून दाबून घास तोंडात आणतो, निवांत. चोरीचा माल दुसऱ्या माकडाने हिसकायच्या आत आत भरायचा म्हणून ही सगळी सोय.

दातांचं राहिलंच. तोंड गोल उघडून, आवाज न करता, भुवया वर करून रोखून बघत असेल तर ती धमकी. नर मोठी जांभई देऊन सुळे दाखवतो तेही झोप आली म्हणून नेहमी नसतं, पुष्कळदा ताण असतो. पण ओठ मागे खेचून दातावर दात दाखवत असेल, म्हणजे आपल्याला हसल्यासारखं वाटतं ते, तर तो घाबरलाय. आपली पोरं नेमकी अशा वेळी म्हणतात बघा बघा माकड हसतंय आणि हात पुढे करतात. घाबरलेलं माकड कोपऱ्यात सापडलं तर चावतंच, तेव्हा त्याला जायला वाट ठेवा.

प्रश्न : मी दर शनिवारी भेरूघाटात वानरांना केळी आणि भाजलेले चणे घालतो, वर्षानुवर्षं नेम आहे, मारुतीचा वार. परवा भाची सोबत होती, ती म्हणाली मामा हे पुण्य नाही पाप आहे. मला वाईट वाटलं. खरं काय ते सांगा.
सुदामा नगरचे एक काका

काका, पाप-पुण्याचा निकाल द्यायला मी कोण, भाचीनेही जरा गोड बोलायला हवं होतं. पण तिच्या म्हणण्यात दम आहे.

भेरूघाटाचाच विचार करा. सिमरोल सुटलं की वळणं सुरू होतात, ओंकारेश्वर-खंडव्याकडचे ट्रक उतारावर, आणि कठड्यावर ओळीने बसलेली माकडं. गाडी जरा हळू झाली की ती रस्त्यावर येतात कारण गाडी हळू होणं म्हणजे केळी येणं हे त्यांना कळलंय. मागच्या ट्रकला ते कळलेलं नसतं. रस्त्यावर चिरडलेलं पिल्लू आई दिवसच्या दिवस अंगाशी धरून हिंडते, ज्याने बघितलंय त्याला केळी घालवत नाही.

दुसरं पोटाचं. काळ्या तोंडाचं वानर, म्हणजे लंगूर, मुळात पानं खाणारं. त्याच्या पोटात कप्पे असतात आणि पुढच्या कप्प्यात जंतू पानं आंबवून पचवतात, माकडाचं पोट तसं नाही. गाईने एकदम गव्हाच्या राशीत तोंड घातलं की तिचं पोट कसं फुगतं ते तुम्ही गावाकडे बघितलं असेल, तसंच गोड आणि पिठूळ खाणं वानराच्या पोटात भराभर आंबतं. तो मागतो म्हणून ते त्याला चांगलं आहे असं नाही, आपणही सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री बाराला जे खातो ते पोटाला विचारून खातो का?

आणि तिसरं जे मला सगळ्यात जास्त खटकतं. तुम्ही शनिवारी घालता, रविवारी तुम्ही नसता. त्याला वार कळत नाही. रविवारी जो रिकाम्या हाताने येतो त्याच्या खिशात तो हात घालतो, नाही मिळालं तर बोचकारतो, मग गाव म्हणतं माकडं मातलीत, पिंजरे लावा. पातालपानीला भिशीच्या बायकांनी जे भरलं ते तुमच्यासारख्याच कोण्या भल्या माणसाचं बिल होतं.

नेम मोडू नका, बदला. आवारात वा शेताच्या बांधावर उंबर, वड, जांभूळ लावा, रानात लावायचं असेल तर वनखात्याला विचारून. किंवा तीच केळी मारुतीच्या देवळात प्रसाद म्हणून पोरांना वाटा. झाड मोठं व्हायला वेळ लागतो हे मान्य, तोवर शनिवारी जाऊन नुसतं त्याला पाणी घाला.

प्रश्न : मी हॉस्टेलला राहतो. मित्रांसोबत चोरलकडे ट्रेकला गेलो होतो, चिप्सच्या पाकिटावरून माकडाने हाताला नख मारलं. रक्त नाही आलं, फक्त लाल रेघ आहे आणि जरा सालटं निघालंय. सॅनिटायझर लावलं, आईने फोनवर हळद लाव सांगितलं. मित्र म्हणतात दहा दिवस बघ, माकड जिवंत राहिलं तर टेन्शन नाही. इंजेक्शन लागेल का?
विजय नगरहून

भिया, हे वाचत असशील तर मासिक खाली ठेव आणि आधी दवाखान्यात जा.

दहा दिवस बघायचा नियम पाळीव कुत्र्या-मांजरांचा आहे, जंगली जनावराला तो लागूच नाही, आणि तसंही त्या टोळीतला नेमका कोण होता ते तू ओळखणार कसा? रेबीज माकडालाही होऊ शकतो, त्यालाही पिसाळलेला कुत्रा चावतोच की. एकदा लक्षणं सुरू झाली की त्यावर इलाज नाही, लक्षणं यायच्या आधी लस घेतली तर माणूस वाचतो, एवढं सरळ गणित आहे. रक्त न येता ओरखडा असेल तरी लस लागते. चावा असेल किंवा रक्त आलं असेल तर लसीच्या सोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार प्रतिपिंडंही देतात, आणि जंगली प्राण्याचा चावा आपल्याकडे सरळ सगळ्यात गंभीर श्रेणीतच धरतात, त्यामुळे डॉक्टरला माकड होतं हे स्पष्ट सांग, उगाच काहीतरी लागलं म्हणू नकोस. धनुर्वाताचं इंजेक्शन बाकी असेल तर तेही विचारून घे.

लस स्नायूत दिली तर 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी, कातडीत दिली तर 0, 3, 7 आणि 28. शून्य म्हणजे पहिल्या इंजेक्शनचा दिवस. सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते, इंदुरात कुत्रा चावलेले लोक हुकुमचंद पॉलीक्लिनिकला म्हणजे आपल्या लाल अस्पतालला जातात तिथेच विचार. मधलं एखादं इंजेक्शन परीक्षा आहे म्हणून चुकवायचं नाही.

पुढच्या वेळेसाठी, नख लागल्याबरोबर वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, पंधरा मिनिटं फार लांबतात. सॅनिटायझर त्याच्यानंतर. हळद, मिरची, चुना, कॉफी काहीही भरायचं नाही, घट्ट पट्टी बांधायची नाही. आईला माझा नमस्कार सांग, हळद दुधात घालू देत.

प्रश्न : पुण्याहून भाऊ आला होता, म्हणतो सिंहगडावरची माकडं अशी नसतात, त्यांना लांब शेपटी असते, तुमच्याकडची शेपटी कापल्यासारखी का? मला काही सांगता आलं नाही.
टिळक नगर

कापलेली नाही, जात वेगळी आहे. सिंहगड, माथेरान, महाबळेश्वरला दिसतं ते टोपी माकड, डोक्यावर मधोमध भांग पाडून केस टोपीसारखे पसरलेले, शेपटी लांबलचक, ते फक्त दक्षिण भारतात आणि आपल्या पश्चिम महाराष्ट्राच्या बाजूला मिळतं. आपल्याकडचं ऱ्हीसस, उत्तरेचं, तोंड लाल, कमरेखाली तांबूस-नारिंगी झाक आणि शेपटी वीतभर. तापी-गोदावरीच्या पट्ट्यात दोघांच्या हद्दी भिडतात आणि ऱ्हीसस हळूहळू दक्षिणेकडे सरकतंय. भावाला हेही सांगा की त्याच्या रक्तगटापुढे जो पॉझिटिव्ह-निगेटिव्ह लिहितात तो आरएच फॅक्टर याच ऱ्हीससच्या नावावरून आलाय, 1940 पासून. वानर मात्र दोन्हीकडे, म्हणजे राखी अंग, काळं तोंड, आणि आपल्या बाजूच्या वानराची शेपटी पाठीवरून पुढे डोक्याकडे वळलेली.

प्रश्न : मोबाईलवर वानराचा आवाज वाजवला तर लाल माकडं पळतात म्हणतात. खरं का?
रामबाग

एक-दोनदा पळतील. दिल्लीत पूर्वी लाल माकडं हाकलायला खरे लंगूर घेऊन माणसं फिरायची, ते बंद झालं तेव्हा लंगुरासारखा आवाज काढणारी माणसं नेमली, आणि 2023 च्या जी-20 परिषदेच्या वेळी रस्त्यांवर लंगुराचे कटआउट उभे केले होते. आवाज काढणारा माणूस निदान जागा बदलतो, तुमचा मोबाईल एकच क्लिप वाजवणार. माकड लवकर शिकतं हीच तर सगळी पंचाईत आहे. शिवाय रानात स्पीकर लावून फिरणाऱ्यांबद्दल माझं मत छापण्यासारखं नाही.

प्रश्न : आम्ही काही रिटायर्ड मंडळी सकाळी चोरलच्या बाजूच्या जंगलात चालायला जातो. परवा वानरं झाडावरून एकसारखी खोकल्यासारखी ओरडत होती, आमच्याकडे बघतही नव्हती, सगळी एकाच दिशेला तोंड करून. आम्ही थांबून व्हिडीओ काढला. काय असेल?
वैशाली नगर

बिबट्या असेल. शंभर टक्के सांगता येत नाही, कधी कधी कुत्र्यांच्या झुंडीवरही ओरडतात, पण तुम्ही जे वर्णन केलंय, म्हणजे माणसांकडे दुर्लक्ष आणि सगळ्यांची तोंडं एकीकडे, ते बिबट्याचंच जास्त वाटतं. महू-चोरलच्या पट्ट्यात बिबटे आहेतच, आणि 2023 च्या मे महिन्यात महूला वाघ फिरत होता तेही तुम्हाला आठवत असेल.

वानराचे दोन आवाज वेगळे ओळखायला शिका. सकाळी लांबवर घुमणारा हूऽप हूऽप, तो नर मी इथे आहे म्हणून देतो, त्याच्यात उड्या असतात, फांद्या हलतात, तो ऐकून खुशाल चालत राहा. दुसरा कोरडा, तुटक, घशातून काढलेला खॅक्, थांबून पुन्हा खॅक्, आणि ओरडणारा अंग आखडून बसलेला. तो इशारा. चितळसुद्धा वानरांच्या झाडाखाली चरतात ते यासाठी, वरून पानं-फळं पडतात आणि पहारा फुकट. तुम्हालाही तो पहारा फुकटच मिळाला होता, तुम्ही त्याचा व्हिडीओ काढत बसलात.

असा आवाज आला की पुढे काय आहे ते बघायला जायचं नाही. सगळ्यांनी एकत्र यायचं, ज्यांना बूट बांधायचेत त्यांनी तिथे खाली वाकू नये, नंतर बांधावेत, मोठ्याने गप्पा मारत आल्या वाटेने परत गाडीपर्यंत. पळायचं इथेही नाही. आणि वनखात्याच्या नाक्यावर सांगून जा, त्यांना अशा बातम्या हव्या असतात.

प्रश्न : स्कूटर पार्क करून वर गेलो, येईपर्यंत सीट फाडलेली, आरसा मोडलेला. उपाय?
महू

डिक्कीत वा हुकाला खायचं काही ठेवायचं नाही, रिकामी पिशवीसुद्धा नाही, वासावर सीट फाडतात. आरशात त्याला दुसरं माकड दिसतं आणि तो त्याच्याशी भांडतो, म्हणून आरसे आत वळवा आणि वर जुने मोजे चढवा. मोजे धुतलेले नसले तरी चालतील.